भिंतीला गाल लावणारे घरमालक

बुरशीला नाक मुरडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण बुरशीच्या जिवाची चिंता वाहणारा माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच असावा, आणि मी त्याच्याच घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. कोल्हापुरात आषाढ लागला की कातडी पट्ट्यापासून पोरांच्या दप्तरापर्यंत सगळ्याला बुरा चढतो. लोक तो फडक्यानं पुसतात आणि कामाला लागतात. आमच्या घरमालकांना हे जमत नाही. त्यांच्या लेखी तो बुरा म्हणजे वस्ती आहे, आणि वस्तीवर फडकं फिरवणं म्हणजे काय हे त्यांना विचारायला गेलं, तर विचारणाऱ्याचा चहा थंड होतो.

आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. मूळचे कुरुंदवाडकडचे, जैन. मार्केट यार्डात त्यांची गुळाची अडत होती, ती त्यांनी म्हातारपणी बंद केली. उंच, वाळलेले, पांढरा लेंगा, पांढरा सदरा, पांढरी टोपी. लांबून बघितलं तर नुकताच चुना दिलेला खांब चालत यावा तसे दिसतात. आयुष्यभर गूळ सांभाळला म्हणजे खरं तर ओल सांभाळली, असं ते म्हणतात. ओलसर वारं सुटलं की गुळाच्या रव्याला, म्हणजे ढेपेला, घाम येतो, पण गोदामाच्या भिंतीला तो त्याच्याही आधी येतो. ते कळावं म्हणून अण्णा भिंतीला गाल लावायचे. हात नाही, गाल. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "भाऊ, हात दिवसभर काय काय धरतोय, त्यो खोटं बोलतोय. गाल कुणाला लावतोय आपण? म्हणून त्यो खरा." अडत बंद झाली, गाल मात्र सेवेत राहिला. रोज सकाळी देवदर्शनाला जाण्याआधी ते घरातल्या भिंतींना एकेक करून गाल लावत फिरतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या बायकोला वाटलं, म्हाताऱ्याला भोवळ आली. ती पाण्याचा तांब्या घेऊन धावली. अण्णा गाल न काढता म्हणाले, "वैनी, तांब्या लांब धरा. शिंतोडं उडत्यात."

त्यांच्या घरात भाड्यानं राहणं ही एक दीक्षाच आहे. कपाट भिंतीला टेकवायचं नाही. मागून अण्णांची मूठ आरपार गेली पाहिजे. पावसाळ्याच्या तोंडावर ते वर येतात, मूठ वळतात आणि आमच्या प्रत्येक कपाटामागं घालून बघतात. "कपाटाला आन् भिंतीला जरा बोलायला जागा ठेवा की," असं म्हणतात. घरात दोरी बांधून ओले कपडे वाळवायचे नाहीत. त्यासाठी गच्चीवर त्यांनी पत्र्याची शेड घालून दिली आहे. आंघोळ झाली की मोरीची भिंत पुसायची, मोरीचं दार लावायचं आणि बाहेरची खिडकी उघडायची. भात शिजताना झाकण, कुकर लावताना खिडकी, आणि ओली छत्री घेऊन उंबरा ओलांडणाऱ्याला अण्णा पाहुणा मानत नाहीत. आमचे एक नातेवाईक निथळत्या रेनकोटात थेट सोफ्यावर बसले, तेव्हा अण्णा खाली गेले, टेबलफॅन घेऊन वर आले, तो पाहुण्यांच्या दिशेला लावला आणि समोर उभे राहिले. पाहुणे वाळल्यावरच ते फॅन घेऊन खाली गेले. भिंतीला तैलरंग त्यांनी कधी लावू दिला नाही, नेहमी चुना. "तेलाचा रंग म्हंजे भिंतीच्या तोंडावर हात दाबून धरायचा. चुन्यातनं तिला श्वास घ्याला येतोय."

माझ्या पुतण्याचं लग्न ठरवायला जयसिंगपूरला गेलो होतो, तेव्हा तिकडची माणसं ओळखीची म्हणून मी अण्णांना सोबत नेलं. ही माझी चूक. मुलगी बघून झाली, पोहे आले, बोलणी गोडीत चालली होती, आणि अण्णा उठले. बैठकीच्या मागच्या भिंतीला त्यांनी गाल लावला. मुलीच्या वडिलांच्या हातात चमचा तसाच राहिला.

"पावणं," अण्णा म्हणाले, "हिच्या मागं मोरी हाय काय?"

"व्हय. हाय की."

"पाइप फुटलाय आतनं. भिंत पाणी पितीया." आणि मग, अगदी मायेनं, तो भयंकर प्रश्न: "पोरीला खोकला बिकला न्हाई न्हवं?"

मी पोह्यांत मान घातली. हे आमचे कुणी नव्हेत, असा चेहरा मी त्या वेळी केला होता. त्याची मला अजून लाज वाटते. लग्न ठरलं, कारण मुलीचे वडील सरळ मनाचे होते. लग्नाच्या दिवशी त्यांनी मानाच्या पाहुण्यांना सोडून आधी अण्णांचा हात धरला आणि म्हणाले, "पाइप बदलला बरं का. निघताना घराकडनं चला, गाल लावून जावा." अण्णा गेले, आणि खूष होऊन आले.

हे सगळं ऐकून कुणालाही वाटेल, की या माणसाला बुरशीचा तिटकारा असणार. मलाही पहिली काही वर्षं तसंच वाटत होतं. एका पावसाळ्यात आमच्या स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागं हाताएवढी काळी बुरशी उठली. अण्णांना कळायच्या आत आपण निकाल लावावा म्हणून मी ब्लीचिंग पावडरीच्या पाण्यानं भिंत घासून लख्ख केली आणि शाबासकी मिळेल या आशेनं खाली जाऊन सांगितलं. अण्णांचा चेहरा उतरला. थोड्या वेळानं त्यांनी हळूच विचारलं, "काळी हुती का हिरवी?"

"काळी."

"जुनी असणार मग," ते म्हणाले आणि आत गेले. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. मी वर येऊन बायकोला सांगितलं, की खालच्या मजल्यावर सुतक आहे आणि खून मी केलाय. आम्ही दोघं पोट धरून हसलो. मग झोप येईना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला समजावून सांगितलं, रागावून नव्हे, पोराला समजावतात तसं. बुरशीत जीव आहे. एका ठिपक्यात मोजता येणार नाहीत इतके. ती उगवली की मग आपले हात बांधले गेले. म्हणून ती उगवूच द्यायची नाही. कोरड्या भिंतीवर कुणी जन्मत नाही, आणि जो जन्मलाच नाही त्याला मारण्याची पाळी येत नाही. ती मूठ, तो गाल, ती छत्री, तो फॅन या सगळ्यांचा अर्थ मला तेव्हा लागला. त्यांच्याच धर्मातल्या जाणत्या माणसांनी त्यांना सांगितलं होतं, की गृहस्थाला घर झाडण्या-पुसण्याची मोकळीक आहे, इतकं ताणू नका. अण्णा म्हणायचे, "मोकळीक हाय की. पर घेतलीच पायजे असं कुठं हाय?"

या सगळ्याची एक दुसरी बाजू होती, ती म्हणजे अक्का, अण्णांच्या पत्नी. ठेंगण्या, गोल, तोंडानं तिखट. अण्णा दिवसाला जितके शब्द बोलत तितके अक्का एका श्वासात बोलत, आणि मग तो श्वास संपे. त्यांना लहानपणापासून दमा होता. "माहेरनं मी दुसरं काय आणलं न्हाई, दमा तेवढा आणला," असं त्या म्हणायच्या. ओल त्यांना चालत नसे. कुबट वास आला की त्यांची छाती वाजायला लागे. म्हणजे अण्णांच्या त्या वेड्या नियमांनी एका बाजूला बुरशीचे जीव वाचत होते आणि दुसऱ्या बाजूला अक्कांचा. भिंत कोरडी होती तोवर दोघींपैकी एकीला निवडायची वेळ अण्णांवर येत नव्हती. अक्कांना हे पक्कं ठाऊक होतं. मोरीची भिंत पुसत असलेल्या नवऱ्याकडं बघत त्या माझ्या बायकोला म्हणायच्या, "बग, किती पिरेम हाय. माझ्यावर का तिच्यावर, तेवढं मातूर इचारायचं न्हाई."

आमची गल्ली शुक्रवार पेठेतून नदीकडं उतरते. पूर आला त्या वर्षी पाणी चढायच्या आधीच त्यांचा मुलगा पुण्याहून येऊन दोघांना घेऊन गेला. आम्ही वरच्या मजल्यावर अडकलो. अण्णांचा सकाळ-संध्याकाळ फोन. "पाणी कुठवर?"

"खिडकीच्या चौकटीला टेकलंय, अण्णा."

"कुठल्या खोलीच्या?"

"अक्कांच्या."

"भिंतीला जरा हात लावून सांगता का, किती भिजलीया?"

"अण्णा, भिंत पाण्यात आहे."

"मग पाण्यात हात घालून लावा की."

मी जिन्याच्या शेवटच्या कोरड्या पायरीवर बसून त्या गढूळ पाण्यात हात घातला आणि भिंत चाचपली. का, ते मला आजही सांगता येणार नाही. फोनवर सांगितलं, "भिजलीय." ते म्हणाले, "बरं," आणि फोन ठेवला.

पाणी उतरल्यावर अण्णा आधी एकटेच आले. गाळ काढून झाला होता, दारं-खिडक्या सताड उघड्या होत्या. भिंतींवर छातीएवढ्या उंचीवर पुराची तपकिरी रेघ होती. अण्णा रेघेच्या वर गाल लावून बघत, मग वाकून रेघेच्या खाली, मग गुडघ्यांवर बसून अगदी फरशीजवळ. उठले तेव्हा टोपीला चिखल लागला होता. म्हणाले, "दिवाळीपतोर वाळत न्हाई ही."

पण दिवाळीपर्यंत थांबतो कोण? भाद्रपद तोंडावर आला होता. गौरी घरात यायच्या आणि भिंतीवर पुराची रेघ, हे आमच्या गल्लीत कुणाला सोसणारं नव्हतं. रंगारी मिळेनासे झाले. जो तो ओल्या भिंतीवर पुट्टी ओढून वर चकचकीत रंग मारून घेत होता. पूर आला होता याची खूण गणपतीनं बघू नये, असा सगळ्या गल्लीचा हट्ट. अण्णा दारोदार सांगत फिरले, "मारू नका, आतनं ओली हाय, कुजंल." लोक हसून म्हणाले, "अण्णा, गौरीला काय चिखलात बसवू व्हय?"

मग पुण्याहून अक्का आल्या. पुण्यानं त्या निम्म्या झाल्या होत्या. कोरड्या घरात राहून आल्या होत्या, पण तिथं भांडायला कुणी मिळालं नाही म्हणून खंगल्या असाव्यात. त्या खोलीत कॉटवर बसल्या आणि भिंतीकडं बघत राहिल्या. मी तिथंच होतो. जैनांचं पर्युषण पर्व जवळ आलं होतं, नातलग येणार होते.

"ही रेघ बघत बसू व्हय मी?" त्या म्हणाल्या. "मला तर ती माझ्या नाकापतोर आल्यागत दिसती."

"दोन म्हैनं," अण्णा म्हणाले. "दोन म्हैनं दम काढ."

"दम कुठला काढू? हाय का माझ्याकडं?" आणि मग आवाज खाली आणून, "आजपतोर एका भिंतीला माझ्या मनाचा रंग दिलाय काय तुमी? पांढरा, पांढरा, पांढरा. एवढी एक खोली पिस्ता करा. मी मागत न्हाई कधी."

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "पिस्ता छान दिसेल." बाईच्या तोंडाकडं बघून दुसरं काही सुचलं नाही. ज्या माणसानं भिंतीच्या बाबतीत कधी कुणाचं ऐकलं नव्हतं, त्यानं त्या दिवशी मान हलवली. रंगाऱ्यानं दोन दिवसांत खोली हिरवीगार केली. ते दोन्ही दिवस अण्णा देवळात बसून होते. अक्का मात्र पर्वभर येणाऱ्या-जाणाऱ्याला आधी खोली दाखवत होत्या. इतकं खूष मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

नवरात्राच्या सुमाराला कॉटच्या उशाकडचा रंग फुगला. दाबलं की मऊ लागायचं, आतून पाण्यानं भरलेल्या फोडासारखं. मग एक पोपडा सुटला, आणि त्यामागं ती होती. काळीभोर, मखमली, आणि दर सकाळी थोडी वर आलेली. अक्कांची छाती रात्रंदिवस वाजायला लागली. डॉक्टरांनी ऑक्सिजनचं मशीन लावलं. अण्णांनी कॉट ओढून खोलीच्या मधोमध आणली. हॉलमध्ये हलवून बघितलं, पण तिथून संडासापर्यंत चालणं अक्कांना झेपेना. आम्ही म्हणालो, वर या. अक्का म्हणाल्या, "जिन्यानं वर नेलेली म्हातारी जिन्यानं चालत खाली येत न्हाई. मी बघितल्यात." मुलगा पुन्हा न्यायला आला; त्याला त्यांनी रिकामं परत पाठवलं.

त्यानंतरचे दिवस मला आठवायला नको वाटतात, तरी त्यांतही हसू येण्यासारखं होतंच. अण्णांनी भिंतीकडं तोंड करून टेबलफॅन लावला. भिंत वाळेल, अक्कांना बरं वाटेल. तासाभरानं त्यांनीच तो बंद केला. भिंत वाळली की बुरशीही वाळून मरणार, हे त्यांच्या ध्यानात आलं. मग आतून अक्कांचा खोकला ऐकू आला की पुन्हा फॅन चालू. मग पुन्हा बंद. वरून आम्हाला ते बटण ऐकू यायचं. मी खाली गेलो की अक्का मशीनची नळी नाकातून काढून म्हणायच्या, "भाऊ, ह्यांस्नी इचारा जरा, आत्ताचा फॅन माझा हाय का तिचा?" अण्णा कोपऱ्यात उभे असायचे, हात मागं बांधून. त्यांची दाढी वाढली होती. सकाळचा गाल लावणं त्यांनी सोडलं होतं. भिंत काय सांगणार ते त्यांना ठाऊक होतं.

शेवटी डॉक्टरच घरी आले. ते आमच्याच पेठेतले, अण्णांना स्वतःच्या लहानपणापासून ओळखणारे. त्यांनी खोलीचा वास घेतला, मशीनचा आकडा बघितला आणि बाहेर येऊन ओरडले, "अण्णा, तुमचा धर्म तुमच्यापाशी. मी सरळ सांगतो. ही खोली साफ करा, न्हाईतर माझ्याकडनं औषध मागू नका. ह्या हवेत अक्का म्हैना काढणार न्हाईत."

डॉक्टर गेल्यावर मी म्हणालो, "अण्णा, तुम्ही देवळात जाऊन बसा. मी करतो. तुम्हाला काही बघायला नको." मला खरंच वाटलं होतं, की ही सुटका आहे. आमच्यात नाही तरी असले नियम नाहीत.

अण्णा म्हणाले, "आपण केलं, दुसऱ्याकडनं करून घेतलं, आन् कुणीतरी केल्यावर आपल्याला बरं वाटलं, तिन्हीचं माप एकच असतंय, भाऊ. तुमी केलं तर तुमाला पाप लागंल, मला तर लागणारच हाय. मग दोघांनी कशाला बुडायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांना खुर्चीत बसवून, मशीनसकट, मी आणि गल्लीतल्या तिघांनी वर आणलं. दोन रात्रींच्या बोलीवर त्या तयार झाल्या होत्या. अण्णांनी आंघोळ केली, खोलीत गेले आणि भिंतीसमोर हात जोडून उभे राहिले. काय म्हणत होते ते ऐकू आलं नाही. मी दारात थांबलो. त्याहून पुढं त्यांनी येऊ दिलं नाही. त्यांनी नाकातोंडाला मास्क लावला, हातात रबरी मोजे घातले, खोलीचं आतलं दार ओल्या चादरीनं झाकलं आणि बाहेरच्या खिडक्या उघडल्या. मी चादरीच्या फटीतून बघत होतो. साबणाच्या पाण्यानं आधी सगळी भिंत भिजवली. "कोरडं खरवडायचं न्हाई," आतूनच मला सांगत होते. "कोरडं खरवडलं की ती उडती, आन् माणसाच्या छातीत जाऊन बसती." मग फडक्यानं वरून खाली, वरून खाली, दर वेळी फडकं बदलून. मग रंगाचे पोपडे, मग त्यामागचा भुसभुशीत गिलावा, विटेपर्यंत. जन्मात ज्यानं बुरशीचा एक ठिपका पुसला नव्हता, त्याला तिला मारण्याची प्रत्येक पायरी ठाऊक होती. टाळायचं म्हणून माणूस एखादी गोष्ट किती बारकाईनं शिकत असेल, हे मी त्या दिवशी पाहिलं. मधे मधे ते थांबत. वरून अक्कांच्या खोकल्याचा आवाज आला, की पुन्हा सुरू करत.

संध्याकाळी भिंत उघडी पडली, लाल विटांची. अण्णा बाहेर आले, मोजे काढले.

"बगा," म्हणाले. "बरं वाटतंय का बघून?"

मी खरं तेच सांगितलं. "वाटतंय, अण्णा."

"मलाबी वाटतंय," ते म्हणाले. "त्याचंच वाईट वाटतंय."

त्या दिवसापासून ते एक वेळ जेवू लागले. कुणाला सांगितलं नाही, पण अक्कांपासून काय लपणार? उघड्या विटांच्या त्या खोलीत परत आल्यावर त्या पहिल्यांदा रात्रभर झोपल्या. ऑक्सिजन कमी लागायला लागला, डॉक्टरांनी मशीनचा आकडा खाली आणला. त्या मला म्हणाल्या, "भाऊ, माझा श्वास ह्यांच्या पोटातनं काढलाय बगा. आता मला नीट जगायला तरी पायजे." आणि त्या जगल्या. दिवाळीला त्यांनी खुर्चीत बसून माझ्या बायकोला करंज्या कशा बिघडवू नयेत ते सांगितलं. संक्रांतीला अण्णांशी भांडल्या, की एक वेळ जेवून तुम्ही माझ्या आधी जायचा डाव टाकलाय. पिस्ता रंगाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. भिंत वाळली, तिच्यावर चुना चढला, अण्णांचा गाल परत कामाला लागला. घरातली सगळी माणसं बारीक आवाजात बोलत असावीत, तसे ते महिने गेले.

चैत्रात, भिंती वर्षभरात सगळ्यांत कोरड्या असतात त्या दिवसांत, अक्का गेल्या. बुरशीनं नव्हे, ओलीनंही नव्हे. ती फुप्फुसंच शिणली होती, असं डॉक्टर म्हणाले. अण्णांच्या हाताचा त्यांना पाच-सहा महिने उपयोग झाला. कमी की पुष्कळ, हे मला ठरवता येत नाही. अण्णांनी मला विचारलंही नाही.

पुढच्या पावसाळ्यात ते वर आलेच नाहीत. कपाटामागं मूठ नाही, छत्रीवर नजर नाही. माझ्या बायकोनं मुद्दाम घरात दोरी बांधून ओल्या साड्या टाकल्या, जिन्यातून दिसतील अशा. तरी आले नाहीत. शेवटी साड्या आम्हीच गच्चीवर नेल्या. परवा मी खाली गेलो. अण्णा हॉलमध्ये अंथरूण टाकून बसले होते. अक्कांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं, खिडक्या बंद होत्या, आणि तो वास येत होता. मी आत डोकावलो. कोपऱ्यात, चुन्यावर, राखाडी ठिपके उठले होते. नवीन होते, फडक्याच्या एका हातानं निघाले असते.

"अण्णा," मी म्हणालो, "आतल्या खोलीत..."

"हाय. म्हाईत हाय मला."

"पुसून घेऊ का? वाढायच्या आत?"

ते माझ्याकडं बघत राहिले, मी काहीतरी परक्या भाषेत बोललो असावा तसे. "कशाला?" म्हणाले. "जिच्यासाठी मारली ती गेली. आता हिचा कुणाला त्रास हाय? त्या खोलीत आता तेवढीच जित्ती हाय. जगूदे."

बाहेर पावसाचा जोर वाढला होता, वाऱ्यानं खोलीचं दार हलत होतं. अण्णा गुडघ्यावर हात टेकत उठले, दारापाशी गेले, आणि आत कुणी झोपलेलं असावं तसं ते दार आवाज न करता ओढून घेतलं.